गावचा व्हिडिओवाला

वैशाख शुद्ध पंचमीची रात्र संपत आलेली असते. डिचोली तालुक्यातील शिरगावी श्री लईराई देवीच्या जत्रेसाठी रचलेली लाकडांची उंच रास जळून तिचे निखारे झालेले असतात. हातात रंगीत गोंड्यांचा वेत घेतलेले, कित्येक दिवस सोवळे पाळलेले धोंड एकामागून एक त्या निखाऱ्यांवरून जातात. कडेच्या जनसमुदायातील शेकडो हात मोबाइल फोन उंच धरून असतात. या सर्वांपासून थोडा दूर, एखाद्या उंचवट्यावर, स्टँडवर कॅमेरा लावून एक मनुष्य उभा असतो. तो वर्तमानपत्राचा प्रतिनिधी नसतो आणि दूरदर्शनचाही नसतो. पंचक्रोशीला मात्र तो चांगला माहीत असतो. कुणाच्या लग्नात, कुणाच्या मुंजीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात लोकांनी त्याला पाहिलेले असते. ते त्याला ‘शूटिंगवाला’ किंवा ‘व्हिडिओवाला’ म्हणतात. श्रोतेहो, हा मनुष्य आणि त्याने टिपून ठेवलेला गाव, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पेडणे आणि डिचोली हे गोव्याच्या उत्तर सीमेवरचे दोन तालुके होत. पेडण्याच्या उत्तरेस तेरेखोल नदी आणि तिच्या पलीकडे सावंतवाडीचा मुलूख; डिचोलीस लागून दोडामार्ग. तिसवाडी, बार्देस आणि साष्टी हे प्रांत सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले होते. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली त्यांच्याकडे आले. म्हणून या भागास ‘नव्या काबिजादी’ असे नाव पडले. तोपर्यंत राज्यकर्त्यांच्या धर्मविषयक धोरणाची जुनी धार बोथट झाली होती. त्यामुळे येथील देवळे, जत्रा, गावकऱ्यांचे मानपान आणि लोकांचे खेळ बऱ्याच अंशी अखंड राहिले. दशावतार, धालो, फुगडी, रोमटामेळ, घोडेमोडणी अशा कितीतरी गोष्टी येथे आजही पाहावयास मिळतात. यांतील बहुतेकांचे लिखित शास्त्र नाही. एका पिढीने करावयाचे, दुसरीने पाहावयाचे आणि पाहता पाहता शिकावयाचे, हीच त्यांची शाळा होय.

अशा प्रदेशात व्हिडिओचा धंदा करणारा मनुष्य कोणाचा नोकर नसतो. कॅमेरा त्याचा, दिवे त्याचे, दुचाकी त्याची. घरातील एका खोलीत संगणक ठेवून तो रात्री-अपरात्री चित्रणाची जुळणी करतो. त्याचे पोट लग्नांवर चालते. तुळशीचे लग्न झाले की हिंदूंचे मुहूर्त सुरू होतात. ख्रिस्ती घरांतील लग्ने नाताळच्या सुमारास आणि ईस्टरनंतर होतात. मधल्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात ती सहसा होत नाहीत. एका घरी हळद, दुसऱ्या घरी नारळाच्या रसाने न्हाऊ घालण्याचा ‘रोस’. दोन्ही ठिकाणी कॅमेरा घेऊन उभा राहणारा मनुष्य पुष्कळदा एकच असतो. वधूच्या आजीला कोठे बसवावे, कोणत्या मामाचा मान आधी, पाद्री आशीर्वाद देत असता कोठवर पुढे जावे, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. पावसाळ्याचे चार महिने त्याचे हात जवळजवळ रिकामे असतात. चतुर्थीच्या माटोळ्या आणि भजनांचे कार्यक्रम एवढेच काय ते काम.

लग्नांखेरीज तो जे चित्रण करतो, त्याचा मोबदला फार थोडा असतो, आणि कित्येकदा मुळीच नसतो. देवळाच्या समितीने जत्रेचे चित्रण करून मागितले तर चहा-फराळ आणि नारळ यांवर भागते. भजनी मंडळ म्हणते, ‘आपलाच माणूस आहे.’ शाळेचे मुख्याध्यापक म्हणतात, ‘पुढच्या वर्षी पाहू.’ तरीही तो जातो. याचे एक कारण असे की, जत्रेत दिसला तर पुढच्या मोसमाची लग्ने मिळतात. दुसरे कारण असे की, त्यालाही त्या गोष्टींची आवड असते. त्याच्या संगणकात लग्नांच्या मधोमध एखादे दशावतारी आख्यान, एखादी घोडेमोडणी, हरमलच्या बाजूच्या एखाद्या क्रुसाजवळचे लदीन साठलेले असते. या साठ्याची मोजदाद कोणीच केलेली नाही. परंतु गेल्या तीस-चाळीस वर्षांतील उत्तर गोव्याचा गाव हलता-बोलता पाहावयाचा झाल्यास त्याला फार मोठे असे दुसरे साधन नाही.

दशावताराचेच उदाहरण घ्यावे. कापणी आटोपली की पेडण्याच्या गावोगावी जत्रांना प्रारंभ होतो आणि रात्री देवळासमोर दशावतारी नाटक उभे राहते. कित्येक मंडळ्या नदीपलीकडून, वेंगुर्ले-सावंतवाडीच्या बाजूने येतात. प्रथम गणपती, सरस्वती, संकासुर यांचा पूर्वरंग होतो आणि मग आख्यान. या आख्यानाची लिहिलेली संहिता नसते. प्रयोगापूर्वी कथा आणि प्रवेशांचा क्रम ठरतो, भूमिका वाटल्या जातात, आणि मग पेटी, पखवाज व झांज यांच्या साथीवर नट आपले संवाद रंगभूमीवर उभ्या उभ्या रचतो. काल ज्या राजाने एका तऱ्हेने शोक केला, तोच आज निराळ्या शब्दांत करील. एखादा जाणता नट गेला की त्याचे वाक्चातुर्य, स्त्रीभूमिकेतली त्याची चाल, सहनटाचा चुकलेला शब्द सावरून घेण्याची त्याची हातोटी, हे सारे त्याच्याबरोबर जाते. छापील नाटकाच्या बाबतीत निदान पुस्तक उरते. येथे कोणी चित्रण केले असेल तरच काही उरेल. आणि ते करणारा बहुधा हाच गावचा व्हिडिओवाला असतो.

हा धंदा वाटतो तितका नवा नाही. जुलै १८९६ मध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे प्रथम दाखविण्यात आली. ते पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, या मराठी छायाचित्रकाराने विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली मुंबईत दोन पहिलवानांची कुस्ती चित्रित केली. १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून यश मिळवून परतले, त्यांच्या स्वागताचेही त्यांनी चित्रण केले. आपल्या शहरातील, आपल्या लोकांतील घटना स्वतःच्या कॅमेऱ्याने टिपणारा हा एकटा कारागीर आजच्या व्हिडिओवाल्याचा पूर्वजच म्हणावयास हवा. भारतीय चित्रपटाच्या प्रत्येक इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांनी घेतलेली चित्रे मात्र आज पाहावयास मिळत नाहीत. चित्रण करणे आणि ते जतन करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हा धडा आरंभीच मिळालेला आहे.

गोव्यापुरते पाहावयाचे तर म्हापशाचे जेरी ब्रागांझा यांनी १९५० साली ‘मोगाचो आंवडो’ हा पहिला कोंकणी बोलपट पुढे आणला. पुढे २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरू लागला. पेडणे तालुक्यातील मोरजीचे लक्ष्मीकांत शेटगावकर यांच्या ‘पलतडचो मुनिस’ या कोंकणी चित्रपटास २००९ साली टोरांटोच्या महोत्सवात आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार लाभला. महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवर तो आधारलेला होता. किनाऱ्यावरील एका गावचा तरुण एवढी मजल मारू शकतो, ही या भागाला अभिमानाची गोष्ट वाटली तर नवल नाही. तथापि प्रत्येक कॅमेरावाला चित्रपट-दिग्दर्शक होणार नाही, आणि व्हावा अशी अपेक्षाही नको. गावाला कलाकृतीची जशी गरज असते, तशी नोंदीचीही असते, आणि ही नोंद ठेवण्याचे काम त्याच्याकडून होत असते.

मग अडचण कोठे आहे? पहिली अडचण साठवणीची. या भागात व्हिडिओ आला तो व्ही.एच.एस. कॅसेटच्या रूपाने. त्यामागून लहान डिजिटल कॅसेटी आल्या, मग सी.डी., मग हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह. चुंबकीय फितीला दमट हवा सोसत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटातील चामड्याच्या चपलांना जशी बुरशी येते तशी ती कॅसेटच्या फितीलाही येते. फीत शाबूत राहिली तरी ती दाखविणारे यंत्र कोठून आणावयाचे? घरगुती व्ही.एच.एस. यंत्रे बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कारखान्याने २०१६ च्या जुलैत ते काम बंद केले. युनेस्को आणि ध्वनी-चित्र संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ साली जगाला इशारा दिला की, चुंबकीय फितींवरील नोंदी २०२५ च्या सुमारापर्यंत नव्या स्वरूपात उतरवून घेतल्या नाहीत, तर त्यांतील पुष्कळ कायमच्या हातच्या जातील. ती मुदत आता उलटून गेली आहे.

नव्या साधनांनी ही चिंता मिटली असे समजण्याचे कारण नाही. लग्नाची फीत निदान त्या घरच्या कपाटात असे. आज चित्रण व्हिडिओवाल्याच्या हार्ड डिस्कवर असते, आणि ती भरली की नवीन कामासाठी जागा हवी म्हणून जुने पुसले जाते. त्याने तरी काय करावे? ज्याचे पैसे मिळाले ते लग्न तो जपून ठेवील. ज्याचे मिळाले नाहीत ती जत्रा आधी जाईल. एखाद्या वृद्ध दशावतारी नटाचा शेवटचा प्रयोग अशा रीतीने एका दुपारी नाहीसा होऊ शकतो, आणि पुसणाऱ्याला त्याची खंत वाटली तरी गावाला त्याची खबरही लागत नाही.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. सारेच चित्रित करावे काय? पौष महिन्यात या भागात धालो होतात. वाड्यातील एका ठरलेल्या अंगणास ‘मांड’ म्हणतात. तेथे रात्री स्त्रिया जमतात, समोरासमोर दोन रांगा करून गात गात पुढे-मागे होतात, आणि असे काही रात्री चालून शेवटच्या रात्री सोंगे निघतात. मांड हा पवित्र मानलेला आहे. परंपरेप्रमाणे तेथे पुरुषांना प्रवेश नाही. पौषात हिंदूंची लग्ने नसतात, म्हणजे व्हिडिओवाला नेमका त्याच दिवसांत मोकळा असतो. पण मोकळा असूनही त्याने मांडाजवळ जाता कामा नये! काही ठिकाणी धालो आता रंगमंचावर, पाहुण्यांपुढे, दिव्यांच्या झगमगाटात सादर होतात आणि त्यांचे चित्रण सहज मिळते. परंतु रंगमंचावर तासाभरात आटोपलेले धालो आणि मांडावर रात्रभर चाललेले धालो यांत केवढे तरी अंतर आहे. रंगमंचावर प्रेक्षकांकडे तोंड करावे लागते. मांडावर प्रेक्षक असा नसतोच. गाणारी रांग समोरच्या रांगेकडे पाहून गाते.

यावर एक सरळ उपाय आहे. व्हिडिओवाल्याच्या घरी बहीण असते, पत्नी असते, मुलगी असते, आणि त्यांच्यापैकी कोणी ना कोणी संगणकावर त्याला मदत करीत असते. मांडावरील स्त्रियांनी मान्यता दिली तर कॅमेरा तिने हाती घ्यावा. कोणत्या रात्रीचे चित्रण करावयाचे, कोणत्या वेळी कॅमेरा बंद ठेवावयाचा, आणि झालेले चित्रण कोणाला दाखवावयाचे, हे मांडावरच्या जाणत्या स्त्रियांनीच ठरवावे. त्यांनी नको म्हटले तर तो शब्द अखेरचा मानावा. ज्या गोष्टीने देवाचे स्थान दुखावते ती गोष्ट कॅमेऱ्यात आली नाही म्हणून काही बिघडत नाही.

पेडण्याच्या कोजागरीचेही असेच आहे. श्री भगवती देवीच्या देवळापाशी त्या रात्री दूरदूरची माणसे लोटतात, रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे निघतात. भूतनाथ आपले देऊळ एका रात्रीत बांधून मागतो आणि रुसून रानाकडे निघतो, अशी आख्यायिका आहे. त्या गर्दीत अंगात येऊन देहभान हरपलेली माणसे असतात. परक्या प्रवाशाला ते एक विलक्षण दृश्य वाटते आणि तो ते घटकाभरात साऱ्या जगाला दाखवून मोकळा होतो. गावच्या व्हिडिओवाल्याला मात्र त्या माणसाचे नाव ठाऊक असते, त्याची मुले कोणत्या शाळेत जातात तेही ठाऊक असते. उद्या बाजारात त्या माणसापुढे त्याला उभे राहावयाचे असते. म्हणून तो कॅमेरा थोडा बाजूला वळवितो, आणि त्याच्या या वागणुकीमागे गावाविषयीची जबाबदारी असते. २०२५ च्या ३ मे रोजी पहाटे शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन काही भाविकांना प्राण गमवावे लागले. अशा दुःखद प्रसंगी काय टिपावे, काय टिपू नये आणि कोणाच्या हाती द्यावे, हा प्रश्न तर फारच कठीण होऊन बसतो. चौकशीला उपयोगी पडणारे चित्रण अधिकाऱ्यांकडे गेले पाहिजे. मृताचा चेहरा त्याच्या आईला फोनवर दिसता कामा नये. हा विवेक यंत्राकडे नाही. ते धरणाऱ्या हाताकडे तो असावा लागतो.

असे प्रश्न इतर देशांतील लहान वस्त्यांनाही पडले आहेत. कॅनडाच्या पूर्वेस फोगो नावाचे मच्छीमारांचे बेट आहे. १९६७ साली तेथील लोकांना अन्यत्र हलविण्याचा सरकारी विचार चालू असता, चित्रपट मंडळाचे कॉलिन लो तेथे गेले. त्यांनी बेटकरांच्या मुलाखती चित्रित केल्या, प्रथम बेटकरांनाच दाखविल्या, आणि ज्यांची चित्रे घेतली त्यांच्या संमतीनंतरच त्या बाहेर नेल्या. एका टोकाची माणसे काय म्हणतात हे दुसऱ्या टोकाच्या माणसांनी त्या पडद्यावर ऐकले. पुढे मच्छीमारांनी सहकारी संस्था काढली आणि बेट वसते राहिले. त्याच देशाच्या अगदी उत्तरेस, बर्फाच्या प्रदेशात, इग्लुलिक हे एस्किमोंचे, ज्यांना इनुइट म्हणतात त्यांचे, लहानसे गाव आहे. आपल्या भाषेत कार्यक्रम नाहीत म्हणून त्या गावाने दूरचित्रवाणी घेण्यास दोन वेळा नकार दिला होता. तेथील झकारियस कुनुक या मूर्तिकाराने १९८१ साली दगडी मूर्ती विकून त्या पैशांत व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि वडीलधाऱ्यांच्या शिकारीच्या कथा, जुने रीतिरिवाज टिपावयास आरंभ केला. त्याने आपल्या भाषेत काढलेल्या चित्रपटास २००१ साली कान महोत्सवात पारितोषिक मिळाले. दोन्ही ठिकाणी आरंभ एकाच गोष्टीने झाला: गावाचे चित्रण प्रथम गावाने पाहिले.

तिसरी अडचण मालकीची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, निराळा करार नसेल तर, मोबदला देऊन ज्याने चित्रण करविले तो त्याचा पहिला मालक ठरतो. १९९४ च्या दुरुस्तीपासून नट, गायक, वादक यांनाही आपल्या प्रयोगावर स्वतंत्र हक्क मिळाला. त्यांच्या संमतीवाचून त्याचे ध्वनिमुद्रण वा चित्रण करता येत नाही. गावात मात्र हे सारे तोंडी चालते. मोबदला दिला नाही तर मालक कोण? देवस्थान म्हणते आमचे, मंडळी म्हणते आमचे, व्हिडिओवाला म्हणतो कष्ट माझे. दशावताराचा एखादा तुकडा इंटरनेटवर हजारो लोक पाहतात, आणि ज्याच्या मुखातून तो संवाद आला त्या नटाला ते ठाऊकही नसते. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार ओळी लिहून घेतल्या आणि खाली दोन सह्या केल्या, तर यांतील बरेचसे तंटे टळतील.

या दोन तालुक्यांत स्थानिक माणसानेच हाती घ्यावा असा एक मोठा विषय पडून आहे. तो सात बहिणींचा. गावोगावच्या कथेत थोडाफार फरक असला तरी मूळ कथा सर्वांना ठाऊक आहे. सात बहिणी या प्रदेशात आल्या आणि निरनिराळ्या ठिकाणी राहिल्या. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, या तिघी डिचोली तालुक्यात. मोरजाई पेडण्यात, मोरजीस. आणि त्यांच्याच बहिणींपैकी एक मिराबाई म्हापशास राहिली ती मिलाग्रिस, म्हणजे तेथील इगर्जीतील चमत्कारांची सायबीण. ईस्टरनंतर तिसऱ्या सोमवारी तिचे फेस्त भरते. त्या दिवशी तिला तेल वाहावयास ख्रिस्ती लोक येतात तसे हिंदूही येतात. लईराई आणि मिलाग्रिस या बहिणींत तेला-फुलांची देवघेव होत असे, असे जुनी माणसे सांगतात. ही कथा एका देवळात वा एका इगर्जीत उभे राहून चित्रित होणार नाही. तिच्यासाठी वर्षभर हिंडले पाहिजे, पुजाऱ्याशी बोलता आले पाहिजे आणि पाद्रीशीही. धोंडाच्या घरी वाट मिळाली पाहिजे आणि म्हापशाच्या बाजारात तेल विकणाऱ्या बाईचाही विश्वास मिळाला पाहिजे. बाहेरून आलेल्या मंडळीला हे आठवडाभरात साधणारे नाही. ज्याने हळदीला आणि रोसाला सारख्याच सलोख्याने कॅमेरा धरला आहे, त्याला ते साधेल. आजच्या काळात शेजाऱ्याला शेजारी परका वाटू लागलेला असता, सात बहिणींचे असे एक चित्रण शाळेतील मुलांपुढे ठेवता आले तर त्याची किंमत पैशांत सांगता येणार नाही.

आणि हे काम लांबणीवर टाकण्यास आता अवधी थोडा आहे. मोपाच्या पठारावर, जेथे गुरे चरत, तेथे २०२३ च्या ५ जानेवारीपासून मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून विमाने उडू लागली. नवे रस्ते झाले, जमिनींचे व्यवहार वाढले, मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर परप्रांतीयांची वस्ती आली. डिचोलीत लोखंडाच्या खाणींनी डोंगरांचे आकार पालटले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रकांवर आणि यंत्रांवर जगणाऱ्या घरांवर संकट कोसळले. हे सारे चांगले की वाईट, हा वाद ज्याचा त्याने करावा. परंतु एखाद्या वाड्यातील लग्नाच्या वीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटमध्ये, वरात चालली असता मागे जो डोंगर दिसतो, जे शेत दिसते, जी जुनी घाटी दिसते, ती आज त्या जागी सापडतीलच असे नाही. व्हिडिओवाल्याने वधू-वरांचे चित्रण केले आणि नकळत गावाचेही केले.

तेव्हा करावयाचे काय? मोठ्या इमारतीची वा मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या देवस्थान समितीने जत्रेचे चित्रण करविले तिने हिशेबाच्या वहीत त्याचा खर्च मांडावा आणि व्हिडिओवाल्यास योग्य मोबदला द्यावा. चित्रणाच्या दोन प्रती कराव्या. एक देवस्थानात आणि एक गावच्या वाचनालयात वा शाळेत, कोरड्या जागी. दर दोन-तीन वर्षांनी त्या उघडून पाहाव्या आणि नव्या साधनावर उतरवून घ्याव्या. प्रतीबरोबर एक कागद असावा: तिथी आणि तारीख, गाव, आख्यानाचे वा विधीचे नाव, कोण नाचले, कोण गाइले, पेटीवर कोण होते, आणि हे बाहेर दाखविण्यास संमती आहे की नाही. नावे नसलेले चित्रण पन्नास वर्षांनी मुके होते. शाळेतील वरच्या वर्गांच्या मुलांना सुट्टीत हा कागद भरावयाचे काम द्यावे. आजोबांना शेजारी बसवून ‘हा कोण? तो कोण?’ असे विचारीत त्यांनी तो भरावा. मराठीचा आणि इतिहासाचा एक चांगला पाठ त्यातून आपोआप होऊन जाईल. आणि घरोघरी ज्या जुन्या कॅसेटी पडल्या असतील त्या आधी बाहेर काढाव्या, कारण त्यांची वेळ भरत आलेली आहे.

वर्षातून एका संध्याकाळी देवळाच्या वा शाळेच्या पटांगणात पांढरा पडदा लावून मागल्या वर्षांचे चित्रण गावाला दाखवावे. पडद्यावर एखादा दिवंगत भजनीबुवा टाळ घेऊन उभा राहिला की त्याची नातवंडे एकदम शांत होतील. आणि घोडेमोडणीत लाकडी घोडा कमरेला बांधून नाचणारा तरुण आता टक्कल पडलेला आपलाच काका आहे हे कळताच मुले हसतील. त्या संध्याकाळी लोकांच्या पाठीमागे, प्रोजेक्टरच्या वायरी सांभाळीत, तो व्हिडिओवाला उभा असेल. त्याचे नाव पडद्यावर कोठेच नसते. शेवटी ते लिहिण्याची आणि मोठ्याने वाचून दाखविण्याची चाल गावाने पाडावी.